सर्व नॉर्मल

१४ सप्टेंबर, रविवार
प्रियाला आज हसनाबादच्या गाडीत बसवून दिलं. प्रिया म्हणजे आमच्या मिसेस, प्रियदर्शनी. माहेरी गेली. लई दिवसापासून गप गप होती. स्वैपाक बराबर, डबा बराबर, पण चेहरा हँग. परवा विचारलं काय झालं, तर म्हणली, थकले. मीच सुचवलं की पंधरा दिवस आईपाशी राहून ये. आमच्या फिल्डातला पहिला नियमच आहे. काही बिघडलं की आधी बंद करून चालू करायचं. निम्मे प्रॉब्लेम तिथंच मिटतात. माणसाला काय वेगळं असतं? आयडिया तिला पटली असणार, कारण तिनं लगेच बॅग भरली.

सामान मात्र लई नेलं. दोन गोधड्या, स्वेटर, शिलाई मशीनसुद्धा. मशीन टपावर चढवायला दोन जण लागले. म्हणलं पंधरा दिवसाला मशीन कशाला, तर म्हणली, दोरी नीट आवळा. टाईमपासला नेली असल. खिडकीजवळची जागा मोकळी झाली, तिथं माझा अभ्यासाचा टेबल बिलकुल फिट बसतो.

गाडी सुटताना खिडकीतून ती काहीतरी म्हणली. बरंच बोलली तसं. पण तेवढ्यात, रविवार असूनबी, ऑफिसचा फोन आल्ता, अकाउंटवाल्यांचा प्रिंटर अडकल्ता. एका हातानं फोन धरला अन् दुसऱ्या हातानं टाटा केला. गाडी गेली. सर्व नॉर्मल.

१५ सप्टेंबर
संकल्प. कंपनीनं माझं नाव ट्रेनिंगला पाठवलं. अनुभवी सिस्टम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरांसाठी सहा दिवसांचा इंटेन्सिव्ह कोर्स, मंग परीक्षा, मंग सर्टिफिकेट. इथंच जालन्यात. आमची बियाण्याची कंपनी, मालक अण्णासाहेब. साहेबांनी केबिनीत बोलावून सांगितलं की आदिनाथराव, पास व्हा, आयटी हेड करतो. मी म्हणलो, झालोच समजा.

प्लॅन असा. पास व्हायचं. सर्टिफिकेट फ्रेम करायचं. दिवाळीच्या पाडव्याला हसनाबादला जाऊन प्रियाला आयटी हेडची बायको म्हणून घरी आणायचं. ती ओवाळल, मी ताटात साडी टाकीन. तिची थकावट जागच्या जागी उतरल. अडचण येण्यासारखं एकबी कलम दिसत न्हाई.

उद्यापासून पहाटे उठून अभ्यास.

१६ सप्टेंबर
उशिरा उठलो. चहा करायला वेळ गेला. साखर कुठं ठेवती ही बाई?

प्रियाचा फोन. सर्व नॉर्मल.

१७ सप्टेंबर
मुक्तिसंग्राम दिन, सुट्टी. झेंड्याला जाऊन आलो. अभ्यास करणार होतो पण पाऊस. पावसात लाईट जाती. लाईट नसताना कॉम्प्युटरचा अभ्यास करणं टेक्निकली बराबर न्हाई.

स्वराचा पुण्याहून फोन. पोरगी नोकरीला लागल्यापासून वकिलावानी प्रश्न विचारायली. म्हणली, बाबा, आईनं मशीन का नेली ते विचारलं का? मी म्हणलो, टाईमपास. ती म्हणली, बरं. तिचं 'बरं' मला आवडलं न्हाई.

२० सप्टेंबर
दोन दिवस प्रियाचा फोन न्हाई. चांगलं लक्षण आहे. ऑफिसात कुणाची कंप्लेंट येत न्हाई, तेव्हा सगळं मस्त चालू असतं. म्हणजे रीस्टार्ट लागू पडला. मीबी फोन केला न्हाई. प्रोसेस चालू असताना मधी हात घालू नये.

सर्व नॉर्मल.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
कोर्स सुरू. शिकवायला पुण्याहून केदार सर. सर कसला, पोरगंच आहे, दाढी कोरलेली. मी सर्व्हर बसवत होतो तेव्हा हा चड्डीत असल. पहिल्याच तासाला त्यानं विचारलं, बॅकअप कोण घेतं? सगळ्यांनी हात वर केले. म्हणला, तो उघडून कोणी पाह्यला? हात खाली. मी मात्र वरच ठेवला. रोज सकाळी माझ्या स्क्रीनवर हिरवी टिक येती, 'सक्सेस' असा मेल येतो. आणखी काय उघडून पाहायचं? डब्यावर 'डाळ' लिहिलं असलं की माणूस रोज झाकण काढून बघतो काय?

माझा उपास आहे. हॉलमधी नाश्त्याला पोहे. साबुदाणा मागितला तर मॅनेजर हसला.

२३ सप्टेंबर
केदार सरचं आजचं वाक्य असं: "अलर्ट येत न्हाई म्हणजे सिस्टम ठीक आहे असं समजू नका. कधी कधी अलर्ट पाठवणारंच बंद पडलेलं असतं." चांगलं वाक्य आहे. परीक्षेला येऊ शकतं. लाल पेनानं अधोरेखित केलं.

प्रियाचा फोन न्हाई. सर्व नॉर्मल.

२५ सप्टेंबर
फोन आला! पण क्लास चालू होता, कट केला. दुपारच्या तासाला बाहेर येऊन मीच लावला. तिकडं मागं खडखड खडखड मशीन चालू. म्हणलं, काय शिवायली? म्हणली, सोयाबीनवाल्या बायांचे ब्लाउज. मी म्हणलो, छान, मन रमतंय. मंग तिला कोर्सचं सगळं सांगितलं, सविस्तर. ती ऐकत होती. प्रियाचं हे मोठं वैशिष्ट्य आहे, ऐकती. शेवटी म्हणली, "तुम्हाला काही विचारायचं न्हाई का?" मी आठवून पाह्यलं अन् विचारलं की साखर कुठं आहे. ती म्हणली, फडताळात वरच्या डब्यात.

साखर सापडली. सर्व नॉर्मल.

२७ सप्टेंबर
कोर्स संपला. परीक्षा ११ ऑक्टोबरला. लेखी बिखी काही न्हाई, एकच काम. प्रत्येकानं आपापल्या ऑफिसचा कालचा बॅकअप घेऊन यायचा अन् त्यांच्या कोऱ्या मशीनवर तो उभा करून दाखवायचा. मला हसूच आलं. हा तर डाव्या हाताचा खेळ. बाकीचे घाबरल्ते, मी दोन कप चहा पिलो.

बाहेर पडताना केदार सर म्हणला की काका, घरी एकदा ट्राय करून या. काका! मी म्हणलो, बेटा, पी हळद अन् हो गोरी असं आमच्याकडं चालत न्हाई, वर्षानुवर्षाचा बॅकअप आहे. तो म्हणला, म्हणूनच.

२९ सप्टेंबर
पंधरा दिवस झाले, प्रिया यायली न्हाई. मेहुण्याला, म्हणजे रामकिसनला फोन लावला. म्हणला, "दाजी, अक्काचं काम लई वाढलंय, दिवाळीचे कपडे आलेत." बरं झालं. पाडव्याला आणायचंच ठरलेलं आहे, मधीच आली असती तर प्लॅन बिघडला असता.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
आज सर्व्हरची पूजा. दरवर्षी करतो. ताट प्रिया घरून लावून द्यायची, हळद-कुंकू, अक्षता, झेंडूची माळ, सगळं वाट्यांत. यंदा मी लावलं. अक्षतांना कुंकू जास्त झालं.

पूजा करताना विचार आला की खंडेनवमीला अवजारांना विश्रांती देतात. आपल्या गावाकडं नांगर, कुळव, विळे सगळं धुऊन ठेवतात, त्या दिवशी हात लावत न्हाईत. मंग सर्व्हरनं काय पाप केलं? बिचारा वर्षानुवर्ष एक मिनिट थांबला न्हाई. एकदा मी हे बोललो तर प्रिया म्हणल्ती, त्याला कशाला झोपवता, चालू आहे ते चालू राहू द्या. बाईमाणसाला टेक्निकल कळत न्हाई. आज म्हणायला कोणी न्हवतं. नमस्कार केला अन् बटण दाबून बंद केला.

खोलीत एकदम शांत झालं. इतकं की थोडं बरं वाटलं न्हाई. रीस्टार्टनं आणखी दहा वर्षं चालल.

३ ऑक्टोबर
सर्व्हर चालू होईना.

बटण दाबलं की आतून टक्, टक्, टक्. डिस्का फिरायलाच तयार न्हाईत. परत बंद, परत चालू. टक्, टक्. झेंडूची माळ काढून पाह्यली, तिचा काही संबंध न्हवता. केदार सरला फोन लावला. तो म्हणला की काका, जुन्या डिस्का चालू हायेत तोवर चालतात, एकदा थंड पडल्या की पुष्कळदा परत उठत न्हाईत, हे तर आपण चौथ्या दिवशी शिकलो. चौथ्या दिवशी मी प्रियाशी फोनवर होतो.

अण्णासाहेबांना सांगितलं, काळजीच करू नका, बॅकअप आहे. उलट परीक्षेची आयती प्रॅक्टिस होईल.

३ ऑक्टोबर, दुपार
बॅकअप उघडला. पहिल्यांदाच.

आत एकच फोल्डर. त्यात 'शुभ दीपावली' असा बॅनर, अण्णासाहेबांच्या फोटोसकट, अन् सत्यनारायणाच्या पूजेचे फोटो. बस. मागं कधीतरी मीच अकाउंटचा सगळा डेटा नव्या डिस्कवर हलवल्ता. बॅकअपला ते सांगायचं राहून गेलं. तो आपला इमानदारीनं रोज रात्री तोच बॅनर, तेच फोटो कॉपी करत राह्यला अन् सकाळी मला हिरवी टिक दाखवत राह्यला. त्याची चूक न्हाई.

खुर्चीत बसलो. एसी चालू होता तरी घाम. सर्व न—

४ ऑक्टोबर
अण्णासाहेब रागावले न्हाईत. रागावले असते तर बरं झालं असतं. डिस्का पुण्याच्या लॅबला पाठवल्या. मला म्हणले, तुम्ही आता प्रिंटर सांभाळा.

प्रियाला सांगितलं न्हाई. तिच्या रीस्टार्टमधी कशाला अडथळा.

११ ऑक्टोबर
परीक्षेला गेलो. का गेलो, माहीत न्हाई. घरात बसवत न्हाई हे एक कारण. वाटलं, नशीब असतं माणसाचं. आपल्या नंबराला लाईट गेली तर? लाईट गेली न्हाई. कोऱ्या मशीनवर माझा बॅकअप उभा राह्यला, टिक हिरवी आली, अन् मोठ्या पडद्यावर अण्णासाहेब हात जोडून शुभ दीपावली म्हणायले. हॉल हसला. केदार सर हसला न्हाई. खांद्यावर हात ठेवून म्हणला, काका, उघडून पाह्यल्याशिवाय तो बॅकअप नसतो, नुसती समजूत असती.

सगळ्यांना एकेक सर्टिफिकेट मिळालं. माझ्यावर 'सहभाग' लिहिलंय.

१८ ऑक्टोबर
पुण्याहून बराचसा डेटा परत आला. आता सगळं क्लाऊडवर जायलंय. सर्व्हर रूममधी परत बारदाना, रिकामी पोती, ठेवणार.

फ्रेमवाल्याकडं गेल्तो. त्याला म्हणलं, खालची पट्टी जरा रुंद घे, 'सहभाग' दिसू देऊ नको. चांगली झाली. लांबून बिलकुल पास वाटतं. मोतिया रंगाची साडी घेतली. प्लॅन कायम आहे. फक्त आयटी हेड तेवढं वगळलं.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
एकट्यानं केलं. लाह्या-बत्ताशे आणले, खाणारं कोणी न्हाई. स्वरा परस्पर हसनाबादला उतरली. उद्या पाडवा. घर झाडून घेतलं, टेबल खिडकीपासून हलवला. मशीन जागच्या जागी बसल.

२२ ऑक्टोबर, पाडवा
हसनाबाद. गाडी अर्ध्या तिकिटाच्या बायांनी भरलेली, फ्रेम छातीशी धरून उभा राह्यलो.

रामकिसनच्या पुढच्या खोलीवर पाटी, 'प्रियदर्शनी लेडीज टेलर'. आत तीन बाया मापं द्यायला बसलेल्या, सणासुदीच्या. प्रिया गळ्यात टेप घालून. मला पाहून उठली. तब्येत सुधारलेली. हसत होती कुणाशीतरी, मी आलो म्हणून थांबली. सासूबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं. स्वरानं चहा केला, माझ्याकडं पाह्यलं न्हाई.

ओवाळलं. पाट मांडला, रांगोळी घातली, सगळं रीतीनं. मी साडी टाकली. मंग फ्रेम काढून दिली. तिनं काच पदरानं पुसली, वाचली, अन् पट्टीच्या कडेला नख लावून म्हणली, पास झालात का? मी म्हणलो, तसंच धरायचं. ती म्हणली, बरं. लेकीनं 'बरं' कुठून उचललं ते कळलं.

मंग विचारलं की तिथं काय शिकवलं. मी सगळं सांगितलं. सर्व्हरचं, बॅनरचं, हॉलमधल्या हसण्याचंबी. ती पुरं ऐकत होती. मधी एकदा तिचे डोळे भरले, माझ्यासाठी भरले असं वाटलं. मी म्हणलो, चल आता, गाडी आहे. सामान बांध.

ती म्हणली, "स्टँडवर मी तुम्हाला काय म्हणले होते?"

मी म्हणलो, लक्षात आहे की.

"मंग सांगा. तेवढं सांगितलं तर आत्ता निघते."

रामकिसन बाहेर गेला. मी पंख्याकडं पाह्यलं, ताटाकडं पाह्यलं. म्हणलो, लिहून ठेवलंय, रोजनिशीत आहे, घरी गेलो की पाहून सांगतो. ती रागावली न्हाई. म्हणली, "पाहून सांगा. मी इथंच आहे. तुम्ही मला बंद करून चालू व्हायला पाठवलं ना, मी इथं चालू झाले."

गाडीपर्यंत रामकिसन आला. म्हणला, दाजी, डबा घ्या. करंज्या होत्या.

२२ ऑक्टोबर, संध्याकाळ
घरी आल्या आल्या रोजनिशी काढली. १४ सप्टेंबर. 'खिडकीतून ती काहीतरी म्हणली. बरंच बोलली तसं.'

बस.

मागची पानं पाह्यली. मागच्या सालांच्या रोजनिश्याबी पाह्यल्या, ट्रंकेतल्या. प्रियाचा फोन, सर्व नॉर्मल. प्रियाचं डोकं दुखतं, सर्व नॉर्मल. प्रियाला काही बोलायचं होतं, मीटिंग होती, सर्व नॉर्मल. रोज लिहिलंय, एक दिवस चुकला न्हाई. तिचं एक वाक्य न्हाई आत.

रडलो. लिहायला लाज वाटायली, पण रडलो. शेजारी फटाके चालू होते म्हणून बरं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
हार मानायची न्हाई. मी सिस्टमवाला आहे, डेटा कुठं ना कुठं असतो. स्टँडवर गेलो, कंट्रोलरला म्हणलं, कॅमेऱ्याचं १४ सप्टेंबरचं पाह्यचं. त्यानं चोरी का पाकीट विचारलं. मी म्हणलो, मिसेस काय बोलल्या ते. त्यानं रजिस्टर मिटलं. म्हणला, काका, एवढं जुनं राहत न्हाई, अन् आवाज तर त्यात येतच न्हाई.

रामकिसनला विचारलं. म्हणला, आम्हाला कधी बोलली न्हाई. मंग मीच अंदाज लावायलो, 'जपून राहा' म्हणली असल बहुतेक. किंवा 'जेवत जा'. बायका काय म्हणतात अशा वेळी?

२४ ऑक्टोबर
सापडलं!

अकाउंटवाल्यांचा फोन! माझ्या मोबाईलवर कॉल रेकॉर्डिंग चालू असतं, ऑफिसचे वाद मिटवायला मीच लावलेलं. १४ तारखेची फाईल आहे. इयरफोन लावले, दार लावून घेतलं.

माझाच आवाज. "बंद करून चालू करा. अहो, आधी बंद करा. हां. आता चालू करा." परत तेच. परत तेच. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत न्हवतं. त्याच्यामागं गाडीचं इंजिन, अन् त्याच्याबी मागं ती. बोलायली. लई वेळ बोलायली, मी समजत होतो त्याच्यापेक्षा लई. मधी एकदा मी श्वास घेतला तेवढ्या जागेत दोन शब्द स्वच्छ आलेत. "ऐका ना." पुढं परत मी.

आवाज वाढवून पाह्यला, कमी करून पाह्यला. एक सॉफ्टवेअर टाकलं. माझा आवाज निघाला की तिचाबी निघतो.

२५ ऑक्टोबर, सकाळ
फोन लावला. तिनं उचलला. खोटं बोलायचं ठरवल्तं, 'जपून राहा' तयार होतं. जमलं न्हाई. म्हणलो, "'ऐका ना' म्हणली होतीस. तिथपर्यंत सापडलं."

ती म्हणली, "त्याच्या पुढं?"

तिनं फोन ठेवला न्हाई, थांबली. चांगली थांबली. मंग फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला, अन् मशीन सुरू झाली. खडखड, खडखड. मधी कुणा बाईशी ती गळ्याचं काहीतरी बोलली. मी कट केला न्हाई. ऑफिसचा फोन मधी येत होता, येऊ दिला. ऐकत बसलोय.